सेशनवाल्या गिटारवादकानं स्वतःचा ब्लूज कसा सुरू करावा: कोल्हापुरातून, वयाच्या पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे

सेशनवाला म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगला साथ करणारा. गेल्या सव्वीस वर्षांत मी अशी किती गाण्यांत गिटार वाजवली याचा हिशेब माझ्याकडे नाही. भक्तिगीतं, निवडणुकीतली प्रचारगीतं, जाहिराती, दोन न चाललेले सिनेमे. ऑर्केस्ट्राचे शो तर सोडूनच द्या. रिक्षात बसलं की एखाद्या देवीच्या गाण्यात माझाच पीस ऐकू येतो आणि वाटतं सांगावं, "मामा, हे मी वाजवलंय." सांगत नाही. कव्हरवर गायकाचं नाव असतं, संगीतकाराचं असतं, निर्मात्याच्या आईवडिलांचे आशीर्वादसुद्धा असतात. गिटारवाल्याला पाकीट मिळालेलं असतं, म्हणजे विषय संपलेला असतो.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःच्या नावानं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यांतून आलेलं संगीत, गायला-वाजवायला लागलो. हा लेख त्याच वाटेवर निघालेल्यांसाठी आहे. हात तयार आहे, नोटेशन वाचता येतं, कुठल्याही पट्टीत डोळे झाकून वाजवता येतं, पण स्टेजच्या मध्यभागी कधी उभं राहिलेलं नाही, असा गिटारवादक मी समोर धरलाय. कॉर्ड कशा धरायच्या हे इथं मिळणार नाही.

आधी हातातलं कमी करा

आपला सगळा धंदा दुसऱ्याच्या गाण्यात विरघळून जाण्यावर चालतो. अरेंजर म्हणाला, "इथं दोन बार भर," (बार म्हणजे चार मात्रा) की आपण भरतो. पहिल्या टेकला ओके द्यायचं, क्लिकच्या, म्हणजे कानातल्या मेट्रोनोमच्या, बाहेर केसभर जायचं नाही, गायकाच्या ओळीवर चढायचं नाही. याच सवयींवर घर चाललं, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ब्लूज वाजवायला बसलं की नेमक्या त्याच आडव्या येतात.

माझं पहिलं रेकॉर्डिंग मी एका जुन्या ऑक्टोपॅडवाल्या मित्राला ऐकवलं. त्यानं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "भावा, झकास वाजलंय. पण पाच गिटारवाले बसवलेत काय?" बरोबर होतं त्याचं. ब्लूजमधले बडे गिटारवाले सगळे हजर: एक फ्रेज बी. बी. किंगची, पुढची अल्बर्ट किंगची, मग क्लॅप्टनचं काहीतरी, आणि शेवटी सवयीनं लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला इंटरल्यूड. मला सगळ्यांसारखं वाजवता येत होतं, कारण सव्वीस वर्षं तेच तर मागितलं गेलं होतं.

त्यानंतर दोन महिने मी रोज हे केलं, आणि तुम्हालाही हेच सांगेन. एकच तार घ्या आणि तीन स्वर घ्या, त्याहून जास्त नाही. बारा बारचा साधा ट्रॅक लावा आणि दहा मिनिटं तेवढ्यावर काढा. पहिल्या तीन मिनिटांत आपल्याला माहीत असलेलं सगळं संपतं. चौथ्या मिनिटापासून तार किती ओढायची, कंप किती सावकाश द्यायचा, कुठं गप्प बसायचं, याकडे लक्ष जायला लागतं. दुसरा व्यायाम जास्त त्रासाचा आहे. फोनवर आधी ओळ गुणगुणून रेकॉर्ड करायची आणि मग तीच, तेवढीच गिटारवर काढायची. जे तोंडानं गुणगुणता येत नाही ते वाजवायचं नाही. माझ्या वाजवण्यातली निम्मी कारागिरी या एका नियमानं बाद झाली. चार दिवस वाईट वाटलं.

क्लिक बंद करा. तबलजीबरोबर वाजवताना आपण लय जशी अंगानं धरतो, तशी धरायची. ब्लूजमधला सूर बऱ्याचदा मात्रेच्या किंचित मागं पडतो आणि ते मागं पडणं मोजून येत नाही.

बडी गाय या अमेरिकी ब्लूज गिटारवादकाचं उदाहरण आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं. १९५७ मध्ये तो लुईझियानाहून शिकागोला आला आणि साठच्या दशकात चेस या रेकॉर्ड कंपनीत दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवत राहिला. मडी वॉटर्ससारख्या मोठ्या ब्लूज गायकाच्या मागंही त्यानं वाजवलं. क्लबात तो जसं मोकळं, अंगावर येणारं वाजवायचा, तसं चेसच्या स्टुडिओत त्याला फारसं वाजवू दिलं गेलं नाही. त्याच्या नावाला खरा भाव आला तो १९९१ च्या अल्बमनंतर, आणि तेव्हा तो पंचावन्नाचा होत होता. २०११ मध्ये मुंबईत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला. "आता या वयात?" असं घरातून कुणी विचारलं तर हे एवढं सांगा. आमच्याकडे चाललं.

बारा बार, आपल्या हिशेबानं

थिअरी तुम्हाला येते, पण ती जरा आपल्या ओळखीच्या शब्दांत लावून बघा. चार मात्रांचा एक बार, असे बारा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार सा ची कॉर्ड, मग दोन म ची, दोन पुन्हा सा ची. नववा प ची, दहावा म ची, अकरावा सा, आणि बाराव्यात प वर थांबून परत समेला यायचं. तिन्ही कॉर्डमध्ये भरीला सातवा स्वर, कोमल करून लावलेला. शेवटच्या दोन बारांना टर्नअराउंड म्हणतात. बैठकीत गायक समेवर कसा येतो हे ज्यानं ऐकलंय त्याला टर्नअराउंड वेगळा शिकवावा लागत नाही.

मायनर पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे धानीचेच स्वर. पण ब्लूजची खरी गंमत त्या गंधारात आहे. खालची कॉर्ड शुद्ध गंधाराची आणि वर गळा किंवा गिटार कोमल गंधार लावते, आणि बऱ्याचदा नेमका त्या दोघांच्या मधला. कोमल गंधाराची तार पाव सुरानं वर ओढली की तो स्वर मिळतो. माझ्या कानाला हे जोग रागातून उमगलं. जोगात दोन्ही गंधार असतात, नी कोमल, आणि उतरताना शुद्ध गंधारावरून कोमलावर येऊन सा ला टेकायचं. मी काही जोग गाणारा नाही. पण एका पावसाळ्यात रोज सकाळी तासभर जोग ऐकला आणि संध्याकाळी ए मध्ये ब्लूज वाजवला. बेंडमध्ये, म्हणजे तार ओढण्यात, जेवढा फरक त्या महिन्यात पडला तेवढा व्हिडिओ बघून दहा वर्षांत पडला नव्हता. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, देवल क्लबात पिढ्यान्‌पिढ्या बैठका झाल्या. त्या गावात राहून मिंडेचं शिक्षण अमेरिकेतल्या ऑनलाइन शिकवणीतून घेणं मला आता जरा हसू येण्यासारखं वाटतं.

ब्लूजची ओळही आपल्याला परकी नाही. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. त्यातले साधारण पहिले दोन गळ्याचे आणि उरलेले दोन गिटारचे. पोवाड्यात शाहिराची ओळ संपते तिथं झीलकरी "जी जी रं जी जी" धरतात, तसं गिटारनं ओळ धरायची. ओळ चालू असताना झीलकरी तोंड उघडत नाहीत. बी. बी. किंग गाताना गिटार थांबवायचा आणि गिटार बोलायला लागली की गाणं थांबवायचा. सेशनवाल्याला हे अवघड जातं, कारण मधली जागा रिकामी दिसली की आपल्याला कुणीतरी ओरडेल असं वाटतं.

गाणार कोण? तुम्हीच

इथं बहुतेकजण थांबतात. "मी वाजवतो, गायक बघू कुणीतरी." गायक आणलात की तुम्ही पुन्हा साथीला बसलात. शिवाय ऑर्केस्ट्राचा गायक ब्लूज गाताना हमखास हरकती घेतो.

ब्लूजला गोड गळा लागत नाही, पण पट्टी अचूक सापडावी लागते. एरवी आपण गायकांना पहिला प्रश्न विचारतो, "पट्टी कुठली?" तो स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. हार्मोनियमवर बसा. बोलण्याच्या आवाजात एखादं वाक्य म्हणा आणि जो स्वर सहज लागतो तो शोधा. तिथून वर पाच-सहा सूर न ओरडता जाता येतं का बघा. बहुतेक पुरुषांची गाडी काळी एक ते काळी तीनच्या दरम्यान थांबते.

पंचाईत अशी, की गिटारवरचा ब्लूज पांढरी तीन आणि पांढरी सहामध्ये म्हणजे ई आणि ए मध्ये खुलतो, कारण तिथं मोकळ्या तारा मिळतात. तोड सोपी आहे. सगळी गिटार अर्ध्या सुरानं उतरवली की ई च्या आकारात वाजवून काळी दोन मिळते. काळी एक हवी असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए च्या आकारात वाजवा. अर्ध्या सुरानं उतरवल्यावर तारा सैल होतात आणि ओढायलाही हलक्या जातात. पन्नाशीतल्या बोटांना ते बरंच.

गाणं आणि वाजवणं एकत्र जमायला मला चार महिने लागले. आधी नुसत्या अंगठ्यानं जाड तारेवर मात्रा धरून ओळी बोलायच्या, गायच्या नाहीत. बोलणं आणि अंगठा भांडायचे थांबले की मग सुरात. रोज वीस मिनिटं, आणि दार लावून. घरातल्यांना सवय होईपर्यंत चेष्टा होते. "बाबा, पोट दुखतंय का?" असं माझी मुलगी विचारायची.

गाणी

दहा गाणी पुरेत. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजवाल्यानं १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. ब्लूजची निम्मी दुनिया अजून त्यांवर जगते. त्यामुळे तीस गाण्यांचा डोंगर घेऊन बसू नका. माझा आग्रह एवढाच, की दहातली किमान सहा स्वतःची आणि मराठीत असावीत.

इंग्रजीत गायला हरकत नाही. पुण्या-मुंबईत इंग्रजी गाणी चालतातही. पण मी मिसिसिपीच्या कापसाच्या शेताबद्दल गायला लागलो की माझं मलाच खोटं वाटतं. आपल्याकडे ऊस आहे, महापूर आहे, कारखान्याचं थकलेलं बिल आहे, पुण्याला गेलेली पोरं आहेत. शब्द बोलीत ठेवा. प्रमाण मराठीत ब्लूज म्हटला की आकाशवाणीचं भावगीत होतं. माझ्या एका गाण्याचं पहिलं कडवं असं आहे:

उसाचं बिल आलं न्हाई, पोरगी लग्नाला आली
उसाचं बिल आलं न्हाई रं, पोरगी लग्नाला आली
कारखान्याच्या भोंग्यानं माझी झोप चोरून न्हेली

लिहिताना तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करा. उत्तर आधी सापडलं की प्रश्न सोपा होतो. पहिली ओळ दोनदा येणार असल्यामुळे ती दुसऱ्यांदा ऐकतानाही गोड लागली पाहिजे, आणि दुसऱ्या वेळी एखादा "रं", "बाई", "गड्या" घालून ती थोडी हलवायची. जात्यावरच्या ओव्या वाचा, शक्य असेल तर एखाद्या आजीकडून ऐका. कष्ट करता करता, कुणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, अशी ती गाणी झाली. ब्लूजमागं शेतातली हाळी आणि कामाची गाणी आहेत. त्याचं पहिलं गाजलेलं ध्वनिमुद्रणही १९२० मध्ये एका बाईनं, मॅमी स्मिथनं, केलेलं आहे. दुःख मात्र उगाच चढवू नका. ब्लूजमधला माणूस रडत नाही, तो तक्रार सांगता सांगता हसतो. कोल्हापूरकराला हे वेगळं शिकवायला नको.

पंचेचाळीस मिनिटांच्या संचात मी तीन संथ गाणी ठेवतो, मिनिटाला पंचावन्न ते पासष्ट मात्रांची. चार शफल (झोल घेत चालणारा ठेका, पुढं सांगतो), एकशे दहा ते एकशे तीसच्या घरात. दोन स्लाइडवर, म्हणजे बोटात नळी घालून ती तारेवरून घसरवत, एकट्यानं. शेवटचं असं की लोकांना टाळी धरता यावी. सलग दोन गाणी एकाच पट्टीत नकोत. लोकांना कारण कळत नाही, पण कंटाळा येतो.

साथीदार

तिघंच असा: गिटार, बेस, ड्रम. कीबोर्ड घेतलात की जुन्या सवयी परत येतात आणि दोघं मिळून प्रत्येक फट बुजवता.

बेसवाला मिळतो. खरी अडचण शफल वाजवणाऱ्या ड्रमरची. कोल्हापुरात हाताचे तयार वादक ढिगानं आहेत. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत ट्रकवर उभं राहून चार-चार तास वाजवणारी पोरं आहेत, हलगीवाले आहेत. पण त्यांना इंग्रजी शब्दांत शफल सांगितला की गडबड होते. मी असं सांगतो: प्रत्येक मात्रेचे तीन भाग कर, पहिला आणि तिसरा वाजव, मधला गिळ. दादऱ्याचा झोल ज्याच्या अंगात आहे त्याला हे दहा मिनिटांत जमतं. जमत नाही ते पुढचं, म्हणजे तीन मिनिटं एकही रोल न मारता तेच वाजवत राहणं. माझा सध्याचा ड्रमर एकवीस वर्षांचा आहे, मला "काका" म्हणतो. पहिल्या महिन्यात त्याला प्रत्येक चौथ्या बारला तोडा मारायची इतकी सवय होती, की शेवटी मी त्याच्या किटवरचे दोन्ही टॉम काढून घरी आणले. पंधरा दिवसांनी परत दिले.

साथीदारांना पहिल्या दिवसापासून पैसे द्या, कमी असले तरी ठरवून आणि वेळेवर. आपण आयुष्यभर "पुढच्या वेळी बघू" ऐकलंय. ते आपल्या तोंडून निघू नये.

सामान

यावर मी थोडक्यातच बोलणार, कारण सामानाच्या नादात वर्षं जातात. आहे ती गिटार चालेल. प्रोसेसरमधले शंभर आवाज बंद करा. एक स्वच्छ आवाज, एक थोडा फाटलेला, बास. परदेशी ट्यूब अँप सेकंडहँड घेत असाल तर मागचं व्होल्टेज बघा. अमेरिकी मॉडेल ११७-१२० व्होल्टचं असतं आणि आपल्या २३० वर थेट लावलं तर धूर निघतो. स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लागतो, आणि तो अँपच्या वॅटपेक्षा दणकट हवा.

सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर गावच्या जत्रेतल्या स्टेजवर गुणगुण येणारच. जनरेटरला अर्थिंग नसतं आणि बाजूला एलईडीची भिंत असते. त्या रात्री हम्बकरवाली, म्हणजे गुणगुण मारणाऱ्या दुहेरी पिकअपची, न्या. पावसाळ्यात कोल्हापूरची हवा अकूस्टिक गिटारला छळते, तेव्हा गिटार पेटीतच ठेवा, सिलिकाच्या पुड्या टाका आणि तारा वाजवून झाल्यावर पुसा.

स्लाइडसाठी जुनी अकूस्टिक वेगळी ठेवा आणि तारा फ्रेटबोर्डपासून उंच करून घ्या. माझा नट, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा टेकतात ती पट्टी, मिरजेतल्या एका सतारीच्या कारागिरानं हाडाचा घासून दिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीत तारेचं काम किती बारकाईनं होतं हे आपल्या गिटारवाल्यांना अजून पुरतं ठाऊक नाही. ओपन जी साठी सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेका पूर्ण सुरानं उतरवायची. मग मोकळी गिटार छेडली तरी कॉर्ड वाजते.

पैसा आणि तारखा

सेशनचं काम सोडू नका. सोडलंत की पहिल्या सहा महिन्यांत ब्लूजवर भाड्याचं ओझं येतं आणि तो गळपटतो. त्याऐवजी वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या. आपली कमाई कधी असते? गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, तुळशीच्या लग्नापासून पुढचा लग्नाचा सिझन, चैत्रात जोतिबापासून सुरू होणाऱ्या गावोगावच्या जत्रा. मोकळे दिवस जून ते ऑगस्ट. हे तीन महिने तयारीला ठेवा.

आणि एक पंधरवडा असा आहे जो सगळे वादक वाया घालवतात: पितृपक्ष. गणपती उठले की लग्न नाही, मुंज नाही, उद्घाटन नाही. साउंडवाला मोकळा, हॉल मोकळा, ड्रमर मोकळा. माझी पहिली बैठक मी पितृपक्षात ठेवली. आईला पटलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, ही गाणी गेलेल्या माणसांचीच आहेत." ती हसली, पण आली नाही. दुसऱ्या वर्षी आली.

अरेंजर लोकांना आधीच सांगून ठेवा, की महिन्यातले अमुक चार दिवस तुम्ही मिळणार नाही. पहिल्यांदा "नाही" म्हणाल तेव्हा दुसऱ्या पोराला फोन जाईल. जाऊ द्या. माझी साधारण पाचातली एक तारीख गेली, आणि ज्या गेल्या त्यातल्या बऱ्याच उधारीवाल्याच होत्या.

पहिली बैठक

कोल्हापुरात ब्लूज क्लब नाही, त्याची वाट बघू नका. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं तेव्हा गावातले कलाकार रस्त्यावर उभे राहून रडले. पण आपल्या कामाला तेवढं मोठं घर सुरुवातीला नकोच. पन्नास माणसं मावतील अशी खोली हवी: एखाद्याचा चित्रांचा स्टुडिओ, वाचनालयाचा वरचा मजला, राजारामपुरीत संध्याकाळी बंद होणारा एखादा क्लास. खाली जाजम, मागं खुर्च्या. या गावाला बसून ऐकायची सवय आहे. बारमध्ये, लोक जेवत असताना वाजवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

हिशेब असा मांडा. पन्नास खुर्च्या, तिकीट २०० रुपये, भरली तर १०,०००. बेस आणि ड्रमला प्रत्येकी २,५००, साउंडला २,०००, जागा आणि चहा १,५००. तुमच्या हातात १,५००, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या एका रात्रीपेक्षाही कमी. तरीही फुकट ठेवू नका. "या हो, प्रवेश विनामूल्य" म्हटलं की लोक उशिरा येतात आणि लवकर उठतात. नातेवाइकांनाही तिकीट लावा. हे सांगताना जड जातं, पण तेच पुढच्या वेळी चार माणसं घेऊन येतात.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून कायद्यात आहे. सातला सुरू करा, साडेआठला संपवा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा. माझ्या बैठकीत वरच्या मजल्यावरचे काका तक्रार करायला खाली आले आणि दारातच शेवटपर्यंत उभे राहिले.

गाण्यांच्या मध्ये काय बोलायचं हे लिहून काढा. आपण स्टेजवर आजवर फक्त "एक-दोन, चेक" एवढंच बोललेलो असतो. मी पहिल्या बैठकीत दोन गाण्यांमध्ये तीन मिनिटं गिटार लावत राहिलो आणि खोलीत पंख्याचा आवाज येत होता. आता दोन गिटारी आधीच लावून ठेवतो.

प्रत्येक बैठक रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकू नका, आठवड्यानं ऐका.

रेकॉर्डिंग आणि कागद

पहिली तीन-चार गाणी स्टुडिओत थर चढवून करू नका. ते आपल्याला फार चांगलं येतं, आणि म्हणूनच ते सेशनसारखं वाजतं. तिघं एका खोलीत, अँपसमोर एसएम५७ सारखा साधा डायनॅमिक माइक, आवाजाला एक, ड्रमला दोन. पूर्ण गाणं एका दमात घ्यायचं. चुकलं तर पंच, म्हणजे मधलाच तुकडा पुन्हा घेणं, नाही, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या टेकच्या पुढं जाऊ नका. माझ्या ऐकण्यात दुसराच बरा निघतो.

गाणं ऑनलाइन जाण्याआधी दोन गोष्टी कागदावर हव्यात. साथीदारांशी लेखी करार, एक पान पुरे. शब्द आणि चाल कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं, त्यांना काय मिळालं. मी हे लिहितोय कारण एका निर्मात्यानं माझी संपूर्ण चाल स्वतःच्या नावावर लावली होती आणि माझ्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. दुसरं, सदस्यत्व. रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थांचं: गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस, आणि गायक-वादक म्हणून इसाम्रा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा करारानं सोडून देता येत नाही, हे आपल्या धंद्यातल्या फार कमी लोकांना माहीत आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो वितरक बहुधा लावून देतो. तुमच्या वहीतही लिहून ठेवा.

जुनं गाणं घेत असाल तर, भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. पण परदेशात नियम वेगळे आहेत आणि तुमचं गाणं तिकडेही ऐकलं जाणार आहे. शंका आली की स्वतःचं गाणं टाका.

जीएसटीची काळजी सेवांची उलाढाल २० लाखांच्या पुढं जाईपर्यंत करू नका. ती करायची वेळ आली तर मला पेढे द्या.

घाटाच्या पलीकडे

कोल्हापुरात वर्षाला चार बैठका होतील, त्याहून जास्त केल्यात तर तीच पन्नास माणसं दमतात. पाचवीसाठी बाहेर पडा. बेळगाव जवळ आहे आणि ऐकणारं गाव आहे. गोव्यात आंबोलीमार्गे उतरता येतं, तिथं वाजवायला जागा भरपूर, पैसे कमी, आणि पाहुण्यांच्या मध्ये वाजवावं लागतं. पुणे-मुंबईत कार्यक्रम ठरवणाऱ्या संचालकाला पाठवायचा ईमेल दहा ओळींच्या आत ठेवा. तुम्ही कोण, कुठले, काय गाता, आणि एकाच टेकमध्ये घेतलेल्या दोन गाण्यांचे व्हिडिओ. रंकाळ्यावर ड्रोन उडवून केलेला व्हिडिओ नको, कारण त्यात तुमची बोटं दिसत नाहीत. "तीनशे गाण्यांत वाजवलंय" हे एका ओळीत, शेवटी. मी ते आधी सुरुवातीला लिहायचो, आणि उत्तरात सेशनचीच कामं यायची.

मराठी ब्लूज म्हटल्यावर तिकडचे लोक आधी हसतात. शिलाँगच्या सोलमेट या बँडनं २००३ पासून ईशान्येतून ब्लूज वाजवत देशभर ऐकणारे मिळवले, मग आपण उसाच्या पट्ट्यातून का येऊ नये, असं मी त्यांना विचारतो. एकदा ऐकल्यावर बहुतेकजण शब्दांचा अर्थ विचारतात.

जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. रात्री निघून सकाळी मुंबईत. तिकीट काढताना वरचा बर्थ घ्या आणि गिटार हार्डकेसमध्ये, स्वतःच्या पायांशी ठेवून झोपा. खाली सीटखाली ठेवली तर मिरजेला चढणाऱ्यांच्या बॅगा तिच्यावर येतात. तारा थोड्या सैल करून ठेवा आणि मुंबईत उतरल्यावर लगेच चढवू नका, तिला तासभर तिकडची दमट हवा लागू द्या. तोवर चहा होतो.